शहात्तरची आजी, त्र्याहत्तरचे आजोबा

ऐका, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटते. आणि स्नेहा, तू तर अजिबात नको. तू हसलीस की मला हसू येतं, आणि हे हसण्यासारखं नाहीये. म्हणजे आहे. पण शेवटपर्यंत नाहीये.

तर आमचे आजोबा, नरहरराव. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय त्यांना. तारनाक्याला आमच्या गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या पोरांना 'गाडीचा स्टँड वर घे रे' म्हणून ओरडतात ना, तेच. छत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला होते, सुपरिंटेंडेंट होऊन रिटायर झाले. "माझ्या घरात सरकारची एक टाचणी सापडली तर दाखव," हे वाक्य मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकतेय. लहानपणी मला वाटायचं टाचणी म्हणजे हिऱ्याबिऱ्यासारखं काहीतरी असणार. एकदा शाळेतून येताना रस्त्यात एक सापडली तर मी ती फ्रॉकमध्ये लपवून आणली होती, आणि आजोबांनी ती कुणाची आहे हे विचारायला मला परत पाठवलं होतं. टाचणीचा मालक शोधायला! हौ, खरंच.

आणि आमची आजी, विमल. आपल्याकडे बायकांना बस फुकट झाली त्या दिवसापासून ती घरात सापडतच नाही. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर झिरोचं तिकीट फाडून देतो, की चालली आजी. आबिड्सला साडीला फॉल लावायला, अफझलगंजला सुंठ आणायला. आजोबांनी विचारलं, "तारनाक्याला सुंठ मिळत नाही का?" तर म्हणते, "मिळते की. पण तिथपर्यंत चालत जावं लागतं."

आता यात आजोबांना राग यायचं काय कारण? मला पण कळत नव्हतं. मग एकदा मी त्यांच्यासोबत कोठीला गेले तेव्हा कळलं. आजोबांनी पन्नास वर्षं बसमध्ये एकच शब्द उच्चारलाय, "दोन." हात पुढे करायचा, दोन म्हणायचं, आजीनं खिडकीतून बाहेर बघायचं. त्या दिवशी पण त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, "दोन." कंडक्टर म्हणाला, "अम्मा का जीरो है, तातगारू," तातगारू म्हणजे आजोबा, "दूसरा कौन?"

दुसरा कोण! आजोबा पुढच्या स्टॉपला उतरले. कोठी अजून तीन स्टॉप लांब होतं. मी त्यांच्यामागे उतरले. आजी नाही उतरली. संध्याकाळी विचारलं तर म्हणे, "तिकीट झिरोचं असलं तरी जायचं ठिकाण झिरो नसतं."

म्हणजे बघा, पैशाचा प्रश्नच नव्हता. आजोबांना पेन्शन आहे, चांगली आहे. प्रश्न असा होता की सरकारनं आजीला विचारलं आणि त्यांना नाही. ज्या सरकारची त्यांनी टाचणीसुद्धा उचलली नाही, त्यानं!

आणि नेमके हिम्मतराव काका वर आले.

हिम्मतराव काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, पंप आणि मोटारींचं दुकान आहे त्यांचं, शेती देगलूरकडे. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला असतो, आणि तो देताना ते तुमच्या घरचं काहीतरी खातात. त्या दिवशी चिवडा खात होते. म्हणाले, "नरहरराव, तुम्ही कशाला इथं झुरताय? बॉर्डर ओलांडा की! तिकडं महाराष्ट्रात पंच्याहत्तरच्या पुढं एसटी फुकट. बाई-पुरुष काही बघत नाहीत. आधार दाखवायचं आणि बसायचं. तुमचं वय किती?"

"सत्त्याहत्तर," आजोबा म्हणाले. एकदम ताठ बसून.

"मग झालं तर! दोन वर्षं फुकट गेली की तुमची!"

म्हणजे फुकट न गेल्यामुळे फुकट गेली. असं काका बोलतात.

आणि योग बघा, त्याच महिन्यात नांदेडला आजोबांच्या मोठ्या बहिणीचं, कुसुम आत्याआजीचं सहस्रचंद्रदर्शन. एक्याऐंशी पूर्ण, एक्याऐंशी दिवे, सगळं खानदान. बाबा म्हणाले कार करू. आजोबा म्हणाले, "कार नको. आम्ही एसटीनं येऊ. सरकारी खर्चानं." हे 'सरकारी खर्चानं' त्यांनी असं म्हटलं ना, जसं काही दौरा लागलाय.

मी तर उड्याच मारल्या. म्हटलं मी नेते तुम्हाला, सगळं प्लॅनिंग माझं. मदनूरपर्यंत आपली बस, तिथून जीपनं देगलूर, देगलूरहून एसटी नांदेड. आणा कार्डं, मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवते.

फोटो काढला. झूम केला. आजीची जन्मतारीख, एकोणीसशे एकोणपन्नास. आजोबांची, एकोणीसशे बावन्न.

मी परत बघितलं. म्हटलं, "आजोबा, तुम्ही त्र्याहत्तरचे आहात. आणि आजी शहात्तरची."

बाबांनी माझ्या हातातून मोबाईल घेऊन बघितला. आणि मग बाबा जे हसायला लागले! "आई, तू मोठी निघालीस! आता यांना नावानं हाक मार!"

तर झालं असं होतं. आजोबा खरे जन्मले अठ्ठेचाळीसला, श्रावणात, पत्रिका आहे. पण शाळेत गेले दहाव्या वर्षी, तोवर घरीच शिकत होते. हेडमास्तर म्हणाले, दहा वर्षांचा घोडा पहिलीत शोभत नाही, सहा लिहितो. आणि वडिलांच्या कानात म्हणाले, उद्या सरकारी नोकरीत लागला तर तेवढाच जास्त टिकेल. चार वर्षं गायब.

आणि आजीचं उलटं. आजी लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. मतदार यादीवाले घरी आले, तेव्हा मताला एकवीस पूर्ण लागायचे. आजीचे सासरे ओसरीवरून म्हणाले, "सून पण लिहा. बावीस." त्यांना एक मत जास्त पाहिजे होतं. आजी आत भाकऱ्या थापत होती, तिला कळलं पण नाही की ती आत्ताच चार वर्षांनी मोठी झाली. पुढं त्या यादीवरून रेशन कार्ड, त्यावरून आधार. झालं. खरी बहात्तरची आजी कागदावर शहात्तरची.

म्हणजे घरातले जे खरे सत्त्याहत्तर आहेत त्यांना पास नाही, आणि जिचं वय बसत नाही तिला दोन्ही राज्यांत फुकट!

"अपडेट करून टाकू," मी म्हटलं. माझी चूक इथूनच सुरू झाली. मला वाटलं अपडेट म्हणजे काय, फोन करतो तसंच.

बिल्डिंगमध्ये बातमी गेली आणि सल्ले यायला लागले. हिम्मतराव काका म्हणाले, अपडेट कशाला, कार्ड दाखवूच नका, कंडक्टर आला की दात काढून खिशात ठेवा आणि खोका. तिसऱ्या मजल्यावरच्या गौरी मावशी म्हणाल्या, काठी घ्या, काठीला कुणी तारीख विचारत नाही. आजोबा म्हणाले, "मी सत्त्याहत्तरचा आहेच. मग सत्त्याहत्तरचं सोंग कशाला करू?" यावर काका विचारात पडले. चिवडा संपेपर्यंत विचारातच होते.

मग मी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतली. आणि घाईत, आता हसू नका, अठ्ठेचाळीसच्या जागी चौऱ्याऐंशी टाकलं. पावती आली तेव्हा आजोबा एक्केचाळीस वर्षांचे झाले होते. बाबांपेक्षा बारा वर्षांनी लहान. आजी म्हणाली, "आता मात्र मला लाज वाटेल यांच्यासोबत फिरायला." ती अपॉइंटमेंट रद्द करून दुसरी मिळायला नऊ दिवस. मी आजोबांच्या डोळ्याला नऊ दिवस डोळा भिडवला नाही. आयटीत काम करते म्हणून घरात केवढा रुबाब होता माझा.

सेंटरवर भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची, बिचारी सकाळपासून लोकांचे अंगठे दाबत बसलेली. आजोबांचे ठसे उमटेनात. "तातगारू, जोर से दबाओ." आजोबांनी इतक्या जोरात दाबलं की मशीन टेबलावरून सरकलं. "छत्तीस वर्षं फायली चाळल्यात," ते मला म्हणाले, "रेषा तिकडेच राहिल्या असतील." मग डोळा. एका डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा ते घाबरून मिटत होते. शेवटी ठसा लागला, पण कुठला, तर करंगळीचा.

"प्रूफ?" भाग्यलक्ष्मी म्हणाली.

आजोबांनी पिशवीतून पत्रिका काढली. लांबच्या लांब गुंडाळी, हळदीचे डाग, मोडी अक्षर, शके अठराशे सत्तर. तिनं ती टेबलावर उलगडली, आडवी करून बघितली, उभी करून बघितली.

"ये क्या है तातगारू? जमीन का नक्शा?"

"जन्म आहे माझा," आजोबा मराठीतच म्हणाले. रागावून नाही. म्हणजे कागद बघितला तर खरंच नक्श्यासारखा, चौकोन, त्यात तिरप्या रेषा, प्रत्येक घरात एकेक ग्रह. आणि तो त्यांच्या आईनं साडीत गुंडाळून जपलेला.

ती म्हणाली दहावीचं सर्टिफिकेट आणा. दहावीच्या सर्टिफिकेटवर बावन्न. मग म्हणाली, मग अ‍ॅफिडेव्हिट करा, वकिलाकडून. तिचा काही दोष नाही, तिला जे लागतं ते लागतंच.

तर आम्ही नोटरीकडे. जिन्याखाली टेबल टाकून बसलेले एक म्हातारे वकील, त्यांचे पूर्वज पण औरंगाबादकडचे, त्यामुळे मराठी छान. त्यांनी लिहायला घेतलं, मोठ्यानं वाचत वाचत. "मी, नरहर वल्द अमुक, शपथेवर सांगतो की माझा खरा जन्म अठ्ठेचाळीस सालचा असून शाळेत तो चुकीनं बावन्न लिहिला गेला..." मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "नोकरी कुठं होती साहेबांची?"

"पाटबंधारे. राज्य सरकार," आजोबा म्हणाले. ताठ.

"रिटायर?"

"दोन हजार दहा. अठ्ठावन्न पूर्ण."

वकिलांचं पेन थांबलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी केलं आणि अगदी सहज, म्हणजे बाजारात भाव विचारतात तसं म्हणाले, "मग हे लिहिलं तर आपण चार वर्षं जास्त नोकरी केली असं होईल. चालेल ना?"

मी हसले. खरं सांगते, मला आधी विनोदच वाटला. मग आजोबांकडे बघितलं.

ते टेबलाकडे बघत होते. त्यांना माहीत नव्हतं का? होतं. आपण सत्त्याहत्तर आहोत हे माहीत होतं, आपण अठ्ठावन्नला रिटायर झालो हे पण माहीत होतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण एकमेकींकडे कधी गेल्याच नव्हत्या. पन्नास वर्षं. त्या दिवशी त्या जिन्याखाली पहिल्यांदा भेटल्या.

त्यांनी पत्रिका गुंडाळली, पिशवीत ठेवली. वकिलांना नमस्कार केला. "तसदी माफ," म्हणाले. बसमध्ये कंडक्टर आला तेव्हा त्यांनी एकच तिकीट मागितलं, माझं झिरो आहे हे त्यांच्या लक्षात होतं.

पुढचे चार दिवस ते गॅलरीत बसले पण कुणाला स्टँड वर घे म्हणाले नाहीत. पोरं वर बघून बघून जायची.

मी म्हटलं आजोबा, जाऊ दे ना, त्या काळात सगळेच करायचे. बाबा म्हणाले, तुम्ही थोडंच लिहिलं, हेडमास्तरनं लिहिलं. हिम्मतराव काका म्हणाले, चार वर्षं काम केलं की तुम्ही, झोपा नाही काढल्या. सगळ्यांचं बरोबर होतं. आजोबा ऐकून घ्यायचे. पाचव्या दिवशी सकाळी शर्ट घालून उभे. म्हणाले, "प्राची, रजा आहे ना तुझी? एकनाथरावांकडे जायचंय."

एकनाथराव म्हणजे त्यांच्या सेक्शनमधलेच, हाताखालचे. काचीगुड्याला राहतात. आम्ही बसनं गेलो. पूर्ण रस्ता आजोबा घसा साफ करत होते, जसं भाषण करायचंय.

एकनाथरावांनी दार उघडलं, बनियन आणि लुंगीत. "अरे वा, सुपरिंटेंडेंट साहेब!" चहा टाकायला सांगितलं. आजोबा बसले पण नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "एकनाथराव, माझं वय चार वर्षं कमी लागलेलं होतं. मी दोन हजार सहाला जायला पाहिजे होतं. ती खुर्ची तुमची होती. तुम्ही नऊला रिटायर झालात, हेडक्लार्क म्हणूनच. हे सांगायला आलो."

एकनाथरावांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "मला माहितीये."

"कसं?"

"कसं काय! आठ साली तुम्ही साठीशांत केली नाही का? घरी होम, पत्रिका छापल्या, अख्ख्या ऑफिसला आवतण! मी जेवायला आलो होतो, नरहरराव. माझ्या पानात जिलबी वाढली तुम्ही, स्वतःच्या हातानं. साठ वर्षं पूर्ण म्हणून! आणि अठ्ठावन्नला रिटायर व्हायला तुम्हाला अजून दोन वर्षं बाकी. ती जिलबी माझ्या घशाखाली उतरेना."

हे मात्र मला माहीत नव्हतं. साठीशांतीचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय! लहानपणापासून बघतेय मी तो. आजी-आजोबा हार घालून, मागे ऑफिसचे सगळे लोक रांगेत उभे. सगळ्यांना आकडेमोड येत होती. रेकॉर्ड सेक्शनच होतं ते.

"मग बोलला का नाहीत?" आजोबांनी विचारलं.

"कुणाला बोलणार? फोटोत जितकी माणसं उभी होती त्यातल्या अर्ध्यांचं तसंच होतं. माझे वडील मास्तर. त्यांनी माझी तारीख खरी लिहिली. मी त्यांच्यावर चिडलो, तुमच्यावर चिडलो. एक वर्ष तुमच्यासोबत डबा खाल्ला नाही, लक्षात आलं होतं का?"

"मला वाटलं तुमचं पोट बिघडलंय."

"मग रिटायर झालो. आणि चिडायला ऑफिसच उरलं नाही." एकनाथरावांनी चहाचा कप आजोबांच्या हातात दिला. "पण आज अचानक कसं आठवलं? सोळा वर्षांनी?"

आजोबांनी खरं ते सांगितलं. एसटी, पास, पंच्याहत्तर, वकील, सगळं. एकनाथराव ऐकता ऐकता हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला, आतून त्यांची सून पाणी घेऊन आली. पण डोळे पुसून झाल्यावर ते हसत नव्हते. म्हणाले, "म्हणजे नोकरीला लहान आणि एसटीला मोठे? दोन्हीकडून? नरहरराव, मला माफीबिफी काही नको. एकच वय धरा. कुठलंही धरा. पण एकच."

बस. एवढंच. आजोबा चहा प्यायले, निघालो. एकनाथराव जिन्यापर्यंत पोचवायला आले. 'झालं गेलं विसरा' वगैरे काही म्हणाले नाहीत. 'येत जा' म्हणाले. मला अजून कळलेलं नाही की ती माफी होती का नाही. आजोबांना पण मी विचारलेलं नाही.

आणि मग नांदेड. मला वाटलं आता कारच. पण आजोबा म्हणाले बसनंच, ठरलंय ते ठरलंय.

तर आम्ही तिघं. मदनूरपर्यंत आजीचं झिरो, माझं झिरो, आजोबांचं पूर्ण. आजी पूर्ण रस्ता खिडकीतून प्रत्येक गावाचं नाव वाचत होती. मी तिला म्हटलं, "आजी, आजोबांनी तर एकच वय धरायचं ठरवलंय. पण तुझं वय पण खोटंच आहे ना? तू महाराष्ट्रात फुकट बसणार?"

"बसणार की."

"आजोबा रागावतील."

आजीनं मागच्या सीटवर बघितलं, आजोबा डोळे मिटून होते. मग अगदी हळू म्हणाली, "यांची चार वर्षं कमी झाली ती यांना नोकरीत मिळाली. माझी चार वाढली ती कुठं गेली गं? अठराव्या वर्षी मी बावीसची झाले. मतही मी टाकलं नाही, सासऱ्यांनी बोट ठेवून सांगितलं तिथं शिक्का मारला. त्यांना सरकार पाहिजे होतं, त्यांनी माझं वय दिलं. आता ते सरकार मला नांदेडला नेऊन सोडेना का."

मी तिचं कार्ड पर्सच्या वरच्या कप्प्यात, पटकन सापडेल असं ठेवलं.

देगलूरला एसटी लागली तर ही गर्दी! लग्नाचे दिवस. आम्ही कसेबसे चढलो. एक सीट अर्धी रिकामी, तिथे आजीला बसवलं, मी आणि आजोबा दांड्याला धरून उभे. कंडक्टर मुलगी होती, योगिनी नाव, छातीवर पाटी होती. ती माणसं बाजूला सारत आली, आजोबांकडे बघितलं, आजीकडे बघितलं, कार्ड वगैरे मागायच्या आधीच म्हणाली, "आजी-आजोबा दोघं पंच्याहत्तरच्या पुढचे ना? नांदेड?"

म्हणजे बघा ना, नुसती मान हलवायची होती. आणि ते खोटं पण नव्हतं! सत्त्याहत्तर आहेत ते, खरोखरचे, गुडघ्यासकट. कागदच खोटा होता. आख्ख्या जगात ती एकटी होती जिनं कागद न बघता त्यांच्याकडे बघितलं होतं.

आजोबांनी खिशातून कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. "नाही बाई. मी त्र्याहत्तर. मला ज्येष्ठांचं अर्धं द्या." मग आजीकडे हात करून म्हणाले, "या शहात्तर."

हे बोलताना त्यांचा चेहरा... म्हणजे दुःखी नाही, पण एकनाथरावांकडे उभे होते ना तसा.

योगिनीनं कार्डं बघितली. मग आजीकडे बघून एवढी हसली. "आजी, तुम्ही मोठ्या?"

"चार वर्षांनी," आजी म्हणाली. तीन होती कागदावर, पण ती म्हणाली चार.

आख्खी बस वळून बघायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, जपून राहा बरं." आजोबा कानापर्यंत लाल. तिकीट घेतलं, दांडा धरला, सरळ समोर बघत उभे. देगलूर सोडलं. नरसीचा फाटा अजून लांब होता, नांदेड तर दोन तास. खड्डा आला की ते हलायचे आणि मी मागून धरायचे, ते माझा हात बाजूला करायचे. एक मुलगा उठून म्हणाला, "बसा बाबा." आजोबा म्हणाले, "बस तू. मी काही एवढा म्हातारा नाही." आणि मला कळलं की हे पण आता त्या एकाच वयात बसवायचं चाललंय. त्र्याहत्तर म्हणजे त्र्याहत्तर. गुडघ्यांना पण लागू.

आजी हे सगळं बघत होती. मग तिनं बाजूच्या बाईला जरा सरका म्हटलं, स्वतः खिडकीकडे अंग चोरून घेतलं, मध्ये वीतभर जागा केली आणि आजोबांचा सदरा ओढला.

"बसा."

"अगं राहू दे. तू बस."

"बसा म्हणते ना."

"मी ठीक आहे."

आजी सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नरहर, मी मोठी आहे. मोठ्यांचं ऐकायचं असतं. बस खाली."

पन्नास वर्षांत तिनं त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यात सोडून कुणीच ऐकलं नव्हतं. बस एवढी हसली, योगिनी पण, तो उठलेला मुलगा पण. मी हसले नाही, मी आजोबांच्या दांड्यावरच्या हाताकडे बघत होते.

त्यांनी दांडा सोडला. आणि बसले.